बगळ्याच्या वाटेची मोजणी

“मोतीबंदर इथून किती लांब रे?” बुरुजावर उभ्या असलेल्या रणधवल राजाने विचारलं.

“रस्त्याने पंधरवडा लागतो, महाराज,” केरोबा म्हणाला. तो राज्याचा मोजणीदार. शेत असो की रस्ता, दोरी लावून मोजून द्यायचा.

“रस्त्याचं कोण विचारतंय? रस्ता मेला डोंगराला वळसे घालत बसतो! ते बगळे बघ, कसे सरळ निघालेत! उडत गेलं तर अंतर किती नि वेळ किती, ते सांग!”

“महाराज, आकाशाला दोरी कशी लावू?”

“ते तू बघ! उद्या मोजणी सुरू झाली नाही, तर परवा घरदार उचलून राज्याबाहेर चालता हो!”

केरोबाने घरी येऊन मडकी बांधायला घेतली. त्याची मुलगी ठकू म्हणाली, “बाबा, मडकी राहू द्या. दोरी काढा!”

सकाळी ती बापाला घेऊन बुरुजावर हजर. “महाराज, हे टोक धरा.”

“मी? नोकर काय मेलेत?”

“नोकराने धरलं आणि मोतीबंदरचा राजा म्हणाला, ‘त्याचा हात हलला असेल’, तर?”

राजाला पटलं. त्याने टोक धरलं.

“असं नव्हे! आकाशाची मोजणी आहे. हात वर! आणखी वर! आता हलायचं नाही!”

दुसरं टोक घेऊन केरोबा जिना उतरला. राजा हात वर करून उभा. ऊन चढलं. पगडी डोळ्यांवर आली. तेवढ्यात त्या हातावर एक कावळा येऊन बसला. साधा की डोमकावळा, यावर दरबारात अजून एकमत नाही.

“हाकला त्याला!” राजा ओरडला.

“हलू नका, महाराज!” ठकू त्याहून मोठ्याने ओरडली.

प्रधानजींनी राजाला उभ्या उभ्या शिरा भरवला. निम्मा कावळ्याने खाल्ला!

दुपार कलली तसा राजा रडकुंडीला आला. “पोरी, तुझा बाप पोचला तरी कुठे?”

“तळ्यावर, महाराज.”

“तळ्यावर? ते तर इथे खाली आहे! झोपलाय की काय?”

“छे! बगळ्यांच्या विनवण्या करतायत.”

“काय?”

“बाबा दोरी घेऊन गेले तर रस्त्यानेच जाणार ना? उडत्या वाटेचं टोक बगळ्यानेच न्यायला हवं. एक तयार झाल्यासारखा वाटला. पण मासा दिसला आणि गेला!”

“अरे, मग त्याला सांगा, राजाचा हुकूम आहे!”

“सांगितलं की! त्याने एक पाय पोटाशी घेतला आणि डोळे मिटले.”

“मग मोजणी होणार कशी?”

“आमचं काम चोख आहे, महाराज! बगळ्याने टोक नेलं की अंतर कळेल. वेळ किती लागला, तेही परत आल्यावर तोच सांगेल. तोवर आपण हात तेवढा खाली घेऊ नका!”

राजाने आधी तळ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, मग कावळ्याकडे. आणि असा खदाखदा हसला की कावळा उडाला, पगडी पडली, दोरी सुटली!

“केरोबाला म्हणावं, बगळ्याला सोड आणि घरी जाऊन जेव! आणि पोरी, हे माझं सोन्याचं कडं तुला!”

पण कडं त्याच हातात होतं आणि आखडलेला हात काही केल्या खाली येईना. शेवटी प्रधानजी चौरंगावर चढले आणि त्यांनी ते ओढून काढलं!