बापाच्या नावावर पट्टी

विनोदी मालिकेच्या सेटवर हौसाबाईंचं काम एकच. फुकटात कुणाचं नाव पडद्यावर दिसू नये म्हणून चहाच्या डब्यापासून साबणापर्यंत सगळ्यावर काळी चिकटपट्टी लावायची. मालिकेतली सासू रोज चाटूनपुसून खायची ती लसणाची चटणी हौसाबाईंच्याच बचत गटाची, पण बरणीवरच्या नावावर पट्टी. इकडे गटातल्या वीस बायकांच्या घरात चटणी न खपता पडून.

त्यांनी निर्माते भोईटेसाहेबांना गळ घातली, "साहेब, आमचं नाव एकदाच दिसू द्या."

साहेब सगळ्यांदेखत गरजले, "फुकटात माझ्या बापाचंही नाव दिसणार नाही! तू कोण लागून गेलीस?"

"बरं," म्हणून हौसाबाई कामाला लागल्या.

चार दिवसांनी साहेबांनी वडिलांचा हार घातलेला फोटो सेटच्या भिंतीवर लावला. खाली सोनेरी अक्षरांत वडिलांचं नाव आणि घरच्या डेअरीचं नाव. चित्रीकरणाला बघतात तर दोन्हींवर काळी पट्टी!

"कुणी केला हा आगाऊपणा? माझा बाप आहे तो!"

"म्हणून तर लावली," हौसाबाई म्हणाल्या. "पैसे भरल्याची पावती दाखवा, आत्ता काढते."

सगळ्या सेटला एकदम खोकला आला.

"काढा ती पट्टी," साहेब पुटपुटले.

"कुठली? बापाची का बरणीची?"

"दोन्ही काढा, बाई!"

हौसाबाईंनी आधी बरणीची काढली.