म्हाकाप्पाचा दगड

हा म्हाकाप्पाचा दगड. इथून वर जी टेकडी दिसते, तिला पिळाची टेकडी म्हणतात. तुम्हा बायकांना आज वर जायचं आहे, जा. पण आधी इथं जरा टेका. दगडाची गोष्ट ऐकल्याशिवाय आम्ही कुणा बाईला वर सोडत नाही. बाप्याला तर ऐकूनही सोडत नाही. तुमचा गाडीवाला खालीच थांबेल.

बायकांवर नजर ठेवायला आलेला माणूस इथं दगड होऊन बसला, असं त्याने तुम्हाला सांगितलं असेल. खोटं आहे. म्हाकाप्पा माझ्या पणजोबांचा आजा. तो दगड झाला असता तर मी झालो नसतो.

आमच्याकडे सांगतात ते असं.

ह्या वस्तीवर तीन मैत्रिणी वाढल्या. लखाई, सुंद्रा आणि तायव्वा. लखाई इथंच म्हाकाप्पाला दिली. दोघी लांबच्या वस्त्यांवर गेल्या. पण दिवाळीनंतर मेंढरांची कातरणी झाली, की तिघी आपापली लोकर पाठीला बांधून टेकडीवर जमत आणि चार दिवस राहत. लोकर पिंजायची, टकळीवर सूत काढायचं, बोलायचं. आमची लोकर टोचते, तिला मेंढराचा वास येतो. दुकानातल्यासारखी ती मऊ नाही. पण ताजी कातरलेली हातात घ्या, भेगा पडलेली बोटंसुद्धा तुपात बुडवल्यासारखी होतात. त्या तिघी म्हणे एकमेकींच्या गाठोड्यात तोंड घालून वास घेत आणि कुणाचा कळप यंदा कुठल्या रानात चरला ते सांगत.

म्हाकाप्पाला हे जाणं पसंत नव्हतं. मोठ्या कळपाचा धनी. एकदा बोलला की शब्द मागे घेत नसे. एका वर्षी लखाई गाठोडं बांधत होती, तेव्हा तो म्हणाला, "सूत घरीबी निघतं. तिथं जाऊन नुसत्या गप्पा निघत्यात."

"गप्पा मारल्या म्हणून हात थांबतोय व्हय?" लखाई म्हणाली.

"न्हाई ना थांबत? मग अख्ख्या घोंगडीचं सूत काढून आण. तुझ्या हातचं. न्हाई आणलंस, तर फुडच्या सालापासनं टेकडी बंद."

एवढं सूत चार दिवसांत एका बाईकडून होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. वर म्हणाला, "दुसरीचं मिसळलंस तर कळंल मला. तुझा पीळ मी अंधारात बोटांनी वळखतो."

ही नुसती बढाई नव्हती. माणसाचा आवाज असतो तसा बाईच्या सुताला तिचा पीळ असतो. लखाईचा पीळ घट्ट. सुंद्राचा सैल. तायव्वाचं सूत मध्येच बारीक, मध्येच जाड. जाणत्याच्या बोटांना ते लपत नाही.

लखाई वर पोचली ती डोळे पुसत. तिघींना वर्षातून भेटायला तेवढी एकच जागा होती. दोघींनी ऐकून घेतलं. मग सुंद्रा म्हणाली, "दाजीला तुझा पीळ पायजे ना? आमी शिकतो तुझा पीळ."

"ही फसवणूक हाय," लखाई म्हणाली.

"कशी काय?" तायव्वा म्हणाली. "आमचं हात आमी तुला दिलं. दिल्यावर ते तुझंच."

"आन् तायव्वीचं सूत एकदाचं सरळ निघालं, तर तिची सासू साखर वाटंल," सुंद्रा म्हणाली. तेव्हा कुठं लखाई हसली.

पहिला दिवस शिकण्यात गेला. दोघी सूत काढत, लखाई ते बोटांत धरून तोडून टाके. पुन्हा काढायचं. दुसऱ्या दिवशी लखाईने डोळे मिटून तिघींचं सूत चाचपलं, आणि आपलं कुठलं ते तिला सांगता येईना. मग त्या नेटाने बसल्या. त्या दिवशी टकळ्या एकदा फिरवल्या की थांबतच नव्हत्या, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. सांगतात ते सांगतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाकाप्पा चोरी पकडायला निघाला. दुपारची भाकरी फडक्यात बांधून घेतली होती. धुकं दाट होतं. इथवर आला आणि वर पाहिलं, तर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतलेल्या तीन बायका पाठमोऱ्या बसलेल्या. तिघींचा हात एकसारखा वर जात होता, एकसारखा खाली येत होता. त्यातली आपली कुठली, ते त्याला कळेना.

त्याने हाक मारली, "लखे!"

तिघींनी एकदम ओ दिली. मागे कुणीच वळली नाही.

दहा पावलं पुढे गेला असता तर तोंडं दिसली असती. पण पाहायला जायचं म्हणजे बायकोला ओळखलं नाही, हे कबूल करायचं. अंधारात पीळ ओळखणाऱ्याने दिवसाउजेडी. आमच्या घरातली माणसं अभिमानी. तो तिथंच उभा राहिला.

वरून सुंद्राने विचारलं, "दाजी, काय काम काढलं?"

म्हाकाप्पाने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काय न्हाई. भाकरी आणलीया."

आपली भाकरी त्याने ह्या दगडावर ठेवली आणि मेंढरांकडे गेला. तो दिवस त्याने उपाशी काढला.

लखाई सूत घेऊन घरी आली. सूत पुरेसं होतं. म्हाकाप्पाने पीळ बघायला त्याला बोट लावलं नाही. तसंच उचलून सनगराकडे विणायला दिलं. सनगराने धागा ओढून पाहिला. "एका हातचं दिसतंय. कुणाचं?"

"टेकडीवरचं," म्हाकाप्पा म्हणाला.

टेकडी बंद करायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. पुढच्या वर्षी तो भाकरी घेऊन आला, ती तिघींना पुरेल एवढी.

आजही कातरणीनंतर बायका वर जातात आणि चार दिवस चुली आम्ही सांभाळतो. दुपारी ज्याच्या त्याच्या घरचा बाप्या दगडापर्यंत येतो आणि आपल्या बाईला नावाने हाक मारतो. वरून सगळ्या एकदम ओ देतात. आपली कुठली, हे विचारायचं नाही. भाकरी ठेवायची आणि माघारी फिरायचं.

तुम्ही विणायच्या सुया आणल्यात, चांगलं केलंत. आमच्या बायकांना दाखवा. त्या तुमच्या हातात टकळी देतील. सूत तुटेल. तुटू द्या.

ही टोपली माझी. भाकरी मीच थापल्यात, कडा करपल्यात. तुम्ही वर पोचलात की मी हाक मारीन, "धुरपदे." धुरपदा माझी कारभारीण. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आजही हाक मारतो, आणि वरून आजही ओ येते. तुम्हीही द्या.