शेवंतीच्या सांध्यांतले तीन फुकटे

एक राजा होता. राजा म्हटलं की तुम्हांला वाटणार मोठ्या मिशा, तलवार, घोडा. तसं सगळं होतं त्याच्याकडं, पण होता रडका. नाव त्याचं गुळंबराव. हसा, आत्ताच हसून घ्या. मधे कुणी खिदळलं तर गोष्ट तिथंच बंद, बरं का.

तर हा गुळंबराव कशानंही रडायचा. कांदा चिरताना तर सगळेच रडतात, हा कांदा पेरताना बघूनच रडायचा. राणीचं काम एकच, रुमाल पुरवायचं. आणि त्यांना एकच लेक, शेवंती. अशी वारा प्यायल्यागत पळायची की दाईला तिची नुसती वेणी दिसायची, पोरगी दिसायचीच नाही.

मग एकदा काय झालं, शेवंती सात वर्षांची होती. सकाळी उठायला गेली तर गुडघा वाकेना. दुधाची वाटी धरायला गेली तर बोटं मिटेनात. वाटी गेली खाली. आणि घोटा तर असा सुजलेला, जसा मोदक. रोज सकाळी असंच. दुपारपर्यंत जरा सैल पडायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग वैद्यबुवा आले. म्हणाले, "काढा रोज द्यायचा, चुकवायचा नाही. आणि पोरीला रोज थोडं थोडं हलवायचं. अंग बसू द्यायचं नाही."

काढा दिला. मग शेवंतीनं पाऊल टाकलं, तोंडातनं निघालं "आई गं!" आणि राजानं असा हंबरडा फोडला की छपरावरची कबुतरं उडाली. तिथनं पुढं राजानं तिला हलूच दिलं नाही. इकडून तिकडं न्यायची तर पालखी. घास दाई भरवणार. अंगावर माशी बसली तर ती हाकलायलासुद्धा वेगळी बाई.

आणि शेवंतीला वाईट वाटायला नको म्हणून राजानं हुकूम काढला. राज्यात कुणी पळायचं नाही. मग दुसरा काढला, कुणी जिना चढायचा नाही. मग तिसरा, दोरीवरच्या उड्या बंद. झालं! सगळं राज्य आपलं हळू हळू. चोर हळू, चोरामागचा शिपाई हळू. मांजरांनाही सांगून पाहिलं, पण ती कुणाच्या बापाचं ऐकतात होय?

शेवंती खिडकीत बसून हे बघायची. तिला बरं वाटायचं का? छे! तिला वाटायचं, माझ्या गुडघ्यापायी सगळ्यांचे पाय बांधले.

आता त्या राज्यातली एक रीत सांगते, कान इकडं करा. नागपंचमीची पहिली फुगडी राजाच्या लेकीनं घालायची. तिनं घातल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या पोरीनं हाताला हात लावायचा नाही. आणि शेवंतीला तर उठता येईना. मग काय, तीन पंचम्या आल्या नि गेल्या. पोरी नव्या बांगड्या घालून यायच्या, झाडाखाली उभ्या राहायच्या आणि घरी जायच्या.

शेवंतीची एक मैत्रीण होती, माळ्याची बायजा. तिच्या जिभेला काही हाड नव्हतं. ती एक दिवस खिडकीखाली येऊन म्हणाली, "शेवंते, ऐकलंस का? या पंचमीला तुझा बाबा फुगडी कायमची बंद करणार. दवंडीवाल्याला सांगून झालंय."

"कायमची?"

"हां. माझी धाकटी बहीण अजून एकदाही फिरली नाही गं. तू एक फुगडी घाल ना. एकच. मग आमचं आम्ही बघतो."

शेवंतीनं हात पुढं केला नि मूठ वळून बघितली. वळेना. पंचमीला राहिले होते दोन महिने.

मग ती गेली न्हाणीघरात, म्हणजे पालखीतनं नेली. तिथं बंबावर पाणी तापवायला भिवरा नावाची म्हातारी होती. दात दोन आणि खोड्या दोनशे. प्रधानाच्या पगडीत बेडूक ठेवणारी तीच. शेवंतीनं तिला सगळं सांगितलं.

भिवरा म्हणाली, "डोळे मीट." आणि बंबाची काजळी बोटावर घेऊन तिच्या पापण्यांना लावली. "उघड आता."

शेवंतीनं डोळे उघडले, आणि काय बघते! तिच्या गुडघ्यावर एक अंगठ्याएवढा माणूस लोडाला टेकून बसलेला. बोटांच्या पेरांवर दुसरा, हातात इवली हातोडी. आणि घोट्यावर तिसरा, लाल लाल, गालफुग्या.

"कोण रे तुम्ही?"

"मी आखडू," गुडघ्यावरचा म्हणाला. "तो ठणकू. आणि तो लालबुंद आहे ना, तो सुजू."

"कुणी बोलावलं तुम्हांला?"

"कुणी नाही. फिरत फिरत आलो. कुणाची चूक नाही हं त्यात. पण राहिलो का विचारशील तर तुझ्या बाबांमुळं. काय जागा आहे ही! धक्का नाही, हिसका नाही. गादीवर आपलं पडून राहायचं. अशी जागा मिळते का कुठं?"

शेवंतीला असा राग आला! ती भिवराला म्हणाली, "हाकल यांना!"

"मी कशी हाकलू? घर तुझं. आणि एकदम नाही हं जात ही जात. यांना बसू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात. बघ."

मग भिवरानं मोठ्या घंगाळात कोमट पाणी ओतलं आणि शेवंतीला आत बसवलं. म्हणाली, "बेडूक हो. पाय पोटाशी घे, मग लांब कर." शेवंतीनं पाय हलवला. दुखलं, पण पाण्यात जरा कमी दुखलं. दहा वेळा केलं. आखडूचा लोड निसटला आणि तो गुळगुळीत गुडघ्यावरनं घसरत पाण्यात डुबुक!

"अगं, हळू! माझा सदरा भिजला!" म्हणाला.

मग ठणकूची पाळी. भिवरानं शेवंतीच्या हातात ओलं फडकं दिलं. "पीळ. सोड. पुन्हा पीळ." पहिल्या दिवशी पाण्याचे तीन थेंब पडले. तीन! शेवंतीनं मोजले. पण ठणकू बोटांच्या मधे असा सापडला की त्याची हातोडी पडली.

मग सुजू. त्याच्यासाठी पाय वर धरायचा आणि अंगठ्यानं हवेत चित्रं काढायची. चिंच काढायची, चाक काढायचं, दवंडीवाल्याचं नाक काढायचं. घोटा फिरला की सुजूला घेरी यायची. "थांबव गं, ओकारी येतेय," म्हणायचा.

असं रोज. सकाळी काढा, मग न्हाणं. दारावर राजा यायचा. आतनं हसण्याचे आवाज ऐकून म्हणायचा, "भिवराबाई, एवढा वेळ काय चाललंय?"

"केस धुतेय सरकार. राजकन्येचे केस लांब."

राजा तिथंच रडायचा. "किती लांब गं माझ्या सोनीचे केस!"

पंधरा दिवसांत मूठ अर्धी वळली. महिन्यात शेवंती भिंतीला धरून उभी राहिली. आखडूचा लोड गेला, सुजूचे गाल उतरले. आणि इथं पोरीला चढला ताव. तुमच्यासारखाच, तुम्हीही एका दिवसात सगळे लाडू संपवता. तिला वाटलं, दहाच्या जागी शंभर केलं तर उद्याच पळेन. भिवरा लाकडं आणायला गेली तेवढ्यात हिनं शंभर वेळा पाय मारले, शंभर वेळा फडकं पिळलं, वर दोन उड्या.

दुसऱ्या दिवशी सुजू भोपळ्याएवढा! लालभडक, गरम. घोट्यावर तंगड्या पसरून गाणं म्हणतोय. शेवंतीनं उशीत तोंड खुपसलं. "झालं सगळं वाया. आता नाही जमायची फुगडी."

भिवरा रागावली नाही. थंड पाण्याची पट्टी घोट्यावर ठेवली. म्हणाली, "वाया कशानं? तो फुगला की त्याच्याशी भांडायचं नाही. आज विसावा. नुसती बोटं हलव हळूच, जागी आहेस एवढं त्याला कळू दे. उतरला की पुन्हा दहा. शंभर नाही. दहा, पण रोज."

आठ दिवस गेले त्यात. आठ! शेवंतीनं जीव मुठीत धरून काढले. मग सुजू उतरला. मग पुन्हा बेडूक, पुन्हा फडकं, पुन्हा दवंडीवाल्याचं नाक.

मग आली पंचमी.

झाडाखाली सगळ्या पोरी जमल्या. दवंडीवाला ढोल घेऊन उभा. राजा सिंहासनावर, राणी शेजारी, मांडीवर रुमालांची चळत. राजानं हात वर केला, म्हणजे आता दवंडी पिटायची. तेवढ्यात शेवंती पालखीतनं म्हणाली, "थांबा." आणि पडदा सारून स्वतःच्या पायानं खाली उतरली.

राजा उठलाच. "सोने! पडशील! अरे, धरा तिला!"

शेवंती वळली. म्हणाली, "बाबा, तुम्हांला रडायचंय तर रडा. पण मला धरू नका."

राजा तरी पुढं धावलाच. राणीनं त्याचा सदरा मागनं घट्ट पकडला आणि म्हणाली, "बसा गपचूप."

शेवंती चालत गेली. एक पाय जरा ओढत, पण गेली. बायजापुढं हात केले. हातांची अढी घातली, बोटांत बोटं अडकली. आणि ती पकड सुटली नाही, बरं का!

पहिला फेरा घेतला, हळू. दुसरा घेतला, जरा जोरात. तिसऱ्याला घोटा कलला आणि दोघी धपकन् खाली!

ढोलावरची माशी उडाली, तीसुद्धा ऐकू आली.

राजा ओरडायला गेला, पण त्याआधी धुळीतनं खिदळणं ऐकू आलं. शेवंती हसत होती. बायजा म्हणाली, "मेल्ये, माझ्या अंगावर पडलीस की!" मग शेवंतीनं जमिनीला हात टेकले, गुडघा वाकवला आणि उठली. कुणी धरलं नाही. उठली, आणि पुन्हा हात पुढं केले. मग घातली फुगडी. पाच फेरे, सात फेरे, वेणी अशी आडवी झाली!

राजा रडला का? रडला तर! पण रडता रडता म्हणाला, "सगळे हुकूम रद्द! फिरा गं पोरींनो! पळा रे सगळे!"

आणि लोक पळाले का? कसले पळतात! तीन वर्षं कुणी पळालं नव्हतं ना. प्रधान दोन पावलं पळाला नि कंबर धरून खाली बसला. शिपाई "आई गं" म्हणाला. राजा लेकीला उचलायला खाली वाकला तो तसाच वाकलेला राहिला. वर येईना!

शेवंती त्याच्या कानात म्हणाली, "बाबा, घाबरायचं नाही. उद्या सकाळी न्हाणीघरात या. कोमट पाणी आहे, फडकं आहे. दहाच वेळा करायचं."

मग दुसऱ्या दिवसापासनं बघा मजा. राजा घंगाळात बेडूक. प्रधान पायानं हवेत चिंच काढतोय. आणि पुढं उभं राहून शिकवतेय कोण? आपली शेवंती.

ते तिघं फुकटे गेले का विचाराल. नाही गेले. आहेत तिथंच, पण आता तिळाएवढे. कधीमधी सुजू फुगतो, मग शेवंती विसावा घेते. उतरला की पुन्हा सुरू. दर पंचमीला पहिली फुगडी तिचीच, आणि बायजाची धाकटी बहीण आता अशी फिरते की बघणाऱ्यालाच घेरी यावी. सगळे मजेत आहेत, राजा रोज रडतो, आता आनंदानं.

संपली. आता पाय लांब करा. अंगठ्यानं पांघरुणात एक चाक काढा बघू. दुसऱ्याच्या पोटाला लावायचं नाही, स्वतःचं काढा! काढलं? मिटा डोळे. जो आता पहिला बोलेल, त्याच्या पगडीत उद्या बेडूक.