राजवैद्यांची सावड

साथीचं नाव सभेत काढायचं नाही, असा हुकूम सुटला आणि राजधानीपुरती तरी साथ संपली. हुकूम काढला प्रधान भास्करपंतांनी, शिक्का मारला उदेभान महाराजांनी. ताप, साथ, आजार, मरण, औषध यातला एक शब्द जो कुणी सभेत उच्चारील, त्याच्या मुलखाची सभेतली जागा कायमची बंद. अशुभ बोललं की अशुभ होतं, असं पंतांचं म्हणणं. मग सगळं कसं शुभ झालं! सरदार एकमेकांपासून चार हात दूर बसू लागले, ते उकाड्यामुळे. गळ्यात कापराच्या पुरचुंड्या आल्या, त्या सुवासासाठी. महाराज पडद्याआड बसू लागले, ते माश्यांमुळे. आणि त्यांच्या पाठीमागे सात राजवैद्य दिवसभर ओळीनं बसून राहत, ते आपले शोभेसाठी.

अशा सभेत उंबरखोऱ्याची चांगुणाबाई येऊन उभी राहिली. खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांनी तिला आपल्या वतीनं बोलायला निवडून दिलेलं. तिकडे खोऱ्यात घरटी एक माणूस तापानं पडलेलं. तिचा नवरा चार दिवस डोळे उघडत नव्हता, आणि अख्ख्या खोऱ्यात नाडी बघणारा एक माणूस नव्हता. वैद्य घेतल्याशिवाय परत जायचं नाही, एवढंच ठरवून ती निघाली होती. जीव मुठीत धरून आली होती बिचारी.

"बोला बाई," पडद्यामागून महाराज म्हणाले. "पण हुकूम ठाऊक आहे ना? एक शब्द वावगा गेला, तर तुमच्या खोऱ्याला इथं पुन्हा जागा नाही."

"ठावं हाये, महाराज. आमच्या खोऱ्यात समदं ब्येस हाये."

पंतांनी महाराजांकडे वळून मान डोलावली. "मी म्हटलंच होतं. तिथं काही नाही."

"लई शांतता हाये," चांगुणाबाई म्हणाली. "भांडणं न्हाईत. बाजारात गर्दी न्हाई. रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. पंत आले तर त्यांनाबी करमंल."

सभेत कुणीतरी हसलं आणि हसता हसता त्याला खोकला आला. तो त्यानं उपरण्यात दाबला. सगळ्यांनी छताकडं पाहिलं.

"मग गाऱ्हाणं काय?" महाराजांनी विचारलं.

"ज्वारीत गुडघाभर तण माजलंय. भांगलायला हात न्हाईत. म्हनून सावड मागाया आले. आमच्यात रीत हाये, महाराज. आज तुम्ही माझं शेत भांगलायचं, उद्या मी तुमचं. मजुरी न्हाई, नुसती फेड. तर महाराजांनी आपले सात राजवैद्य सावडीला द्यावेत."

आता मात्र सगळी सभा हसली. वैद्य तेवढे हसले नाहीत. त्यांतल्या थोरल्यानं आपल्या मऊसूत तळव्यांकडे पाहिलं.

"राजवैद्य तण काढणार?" पंत खेकसले. "जमणार नाही. ते इथं लागतात."

"कशाला लागतात, पंत?"

"कशाला म्हणजे? महाराजांना उद्या जर... म्हणजे राजधानीत कुणाला..." पंत थांबले. पुढचा प्रत्येक शब्द त्यांच्याच हुकुमात बसत होता. "ते... शोभेला लागतात."

"मग बरंच झालं की," चांगुणाबाई म्हणाली. "शोभंची मानसं चार दिस उन्हात गेली, तर काय बिघडतंय?"

महाराजांना आता मजा येऊ लागली होती. पण माणूस हट्टी. बाईनं मागितलं आणि आपण दिलं, असं त्यांना मुळीच नको होतं.

"हातच हवेत ना? मग वैद्य कशाला?" ते म्हणाले. "तालमीतले पैलवान देतो. एका दिवसात शिवार साफ करतील."

पंतांचा जीव भांड्यात पडला. तापानं तळमळणाऱ्या माणसापुढं पैलवान काय दंड थोपटणार? चांगुणाबाईला नवरा आठवला, आणि क्षणभर वाटलं, सरळ ओरडून सांगावं, मग जागा जाईना का! पण जागा गेली तर पुढच्या वेळी खोऱ्यासाठी बोलणार कोण? तिनं पदर सावरला.

"पैलवान द्या, महाराज. तुमची मर्जी. पर सावड फेडावी लागती. न्हाईतर गावात तोंड दावाया जागा राहत न्हाई. म्हंजी पैलवान आले, की फेडायला आमचं अख्खं खोरं इकडं येनार. धाकटी-थोरली, समदी. इथंच उतरनार, तुमच्या मानसांच्या खांद्याला खांदा लावून राबनार, पंगतीला बसनार."

पुढच्या रांगेतले सरदार नकळत मागं सरकले. मागच्या रांगेला सरकायला जागा नव्हती.

"आणि वैद्य दिले तर?" महाराजांनी विचारलं. "तरी फेडायला येणारच ना?"

"येनार तर."

"मग फरक काय पडला?"

"वैद्य आले तर महिन्याभरानं हसत-खेळत येऊ, महाराज. दुसरं कुनीबी आलं, तर उद्याच येऊ. आत्ता जसे हाओत, तसे!"

सरदारांचे हात गळ्यातल्या पुरचुंड्यांकडे गेले. मग पडदा हलायला लागला. आत महाराज पोट धरून हसत होते, हसता हसता डोळे पुसत होते. एक शब्द वावगा न बोलता बाईनं सगळं सांगितलं होतं.

"वैद्यबुवा, उठा," ते म्हणाले. "आपापले बटवे घ्या. जे काही लागतं ते सगळं भरून घ्या. माझा रथ काढा, आजच्या आज खोऱ्यात पोचायचंय. आणि बाई, रथ परत पाठवू नका. खोऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन याल ते आता त्यातूनच या."

चांगुणाबाईनं हात जोडले, आणि रडू आलं ते येऊ दिलं. वैद्य बटवे घेऊन तिच्यामागं चालू लागले. पंतांनी कपाळावरचा घाम टिपला.

"भास्करपंत," महाराज म्हणाले, "तुम्हीही निघा बरोबर. तण फार आहे म्हणतात."

"मी? महाराज, तिथं तर..."

"तिथं काय, पंत? तिथं काही नाही ना?"