मंजुळेचा उंबरा

मेटवलीची चढण संपता संपता डाव्या हाताला एक उंबरा लागतो. नुसता उंबरा. दार नाही, चौकट नाही, मागे घर नाही. काळ्या दगडाची हातभर रुंद पट्टी, मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेली. भोवती गवत गुडघाभर वाढतं. पण उंबऱ्यावर माणूस सोडाच, शेळीलासुद्धा कोणी उभं राहू देत नाही. त्याच्या वरच्या अंगाला वीस-पंचवीस पावलांवर दगडांनी बांधून काढलेला एक खोल खड्डा आहे. गाव त्याला विसावा म्हणतं. असा विसावा मेटवलीत घरटी एक आहे, प्रत्येक घराच्या उताराच्या बाजूला. छपराचं, अंगणाचं पाणी त्यात उतरतं, दम खातं आणि दगडांच्या सांदीतून सावकाश जमिनीत मुरतं. पण हा सगळ्यांत पहिला, असं सांगतात.

तो सांगायचा मान भिवाजी आजोबांचा. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर त्यांची हयात गेली. आता निवृत्त आहेत, तरी कोणी घर बांधायला काढलं की विसावा मोजायला तेच काठी घेऊन जातात. परवा शहरातून एक जोडपं आलं होतं. विसाव्याला लागूनची जागा त्यांनी घेतलेली. नवऱ्याच्या हातात नकाशाची गुंडाळी, बायकोच्या कडेवर दहा महिन्यांचं बाळ. नकाशात विसाव्याच्या जागी गाडी उभी होती.

"आजोबा, खड्डा बुजवून फरशी घालू म्हणतो," नवरा म्हणाला. "पोरगं रांगतंय, चिखल नको. पाण्याचं काय, उतारच आहे. एक चर काढला की गेलं खाली."

आजोबा काठी आडवी ठेवून विसाव्याच्या काठावर बसले. "अगदी हेच बोलली होती ती," ते म्हणाले. "बसा साहेब. सूनबाई, तू पण बस. लेकराला टोपी घाल, वारं आहे."

बाळाच्या आईने टोपी घातली. घरून निघताना घातली होती, वाटेत काढली होती, आणि काढली ते चुकलंच असं तिला मघापासून वाटत होतं.

मेटवलीत अठराच घरं होती, तेव्हाची गोष्ट म्हणे. जिथे आता या जोडप्याची जागा आहे तिथे गोजरा राहायची. नवरा धुळाजी, दोन बैल, चार खणांचं घर. गोजरेची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा त्याचं नाव दगडू ठेवलं. दैवाने पाहिलं तर म्हणावं, दगड आहे, राहू दे. पण नावाने आईचं मन थोडंच फसतं? पोर झोपलं की गोजरा त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. श्वास लागला की हायसं वाटायचं, आणि मग वाटायचं, आपल्या बोटाने त्याची झोप तर मोडली नाही?

धास्तीने म्हणा, कशाने म्हणा, बाराव्या दिवशी तिचं दूध आटलं. खालच्या घरात मंजुळा होती. तिची हिरी दगडूहून पंधरा दिवसांनी मोठी. मंजुळेने काही विचारलं नाही. वर आली, पोर उचललं, एका बाजूला हिरी आणि दुसऱ्या बाजूला दगडू घेऊन बसली. "चूल एक, भाकरी दोन," म्हणाली, "माझं काय जातंय?" दगडू वाढला तो त्या दुधावर. तो पहिलं पाऊल टाकायला शिकला तोही म्हणे खाली, मंजुळेचा उंबरा धरून.

पुढे पाऊस लागला. गोजरेचं अंगण मातीचं, उताराचं. दगडू घसरला आणि कपाळाला खोक पडली. खोक एवढीशी होती. हळद दाबली, रक्त थांबलं. पण गोजरेची झोप गेली ती गेलीच. तिने धुळाजीमागे टुमणं लावलं. त्यानेही हौसेने केलं. उताराचा उंचवटा फोडून अंगण सपाट केलं, आड येत होतं ते कळकाचं, बांबूचं बेट तोडलं, खाणीतून चपटे दगड आणून जडवले आणि खालच्या बाजूला एक चर काढून दिला. पावसाची सर आली की पाणी त्या दगडांवरून असं धावायचं, की घटकाभराने अंगण कोरडं. दगडू तिथे अनवाणी नाचायचा. गोजरेला वाटायचं, आयुष्यात एक काम तरी आपल्या हातून धड झालं.

आधी ते पाणी गवतातून, कळकाच्या मुळांतून, रमतगमत जायचं आणि निम्मं वाटेतच मुरायचं. आता सरळ मंजुळेच्या मागच्या भिंतीला लागायला लागलं. भिंत मातीची.

मंजुळा तीनदा वर आली, असं सांगतात. पहिल्यांदा आली ती हसत. "गोजराबाई, तुमचं अंगण माझ्या घरात येऊन बसलंय. पाहुणचार केला चार दिवस, आता घेऊन जा वर." दोघी हसल्या.

दुसऱ्यांदा आली तेव्हा हातात सूप होतं. सुपात चुलीतली राख, तीही ओली, लगदा झालेली. "दोन दिवस चूल पेटली नाही," एवढंच म्हणाली. गोजरेने तिला पेटता निखारा दिला, वर चार भाकरी दिल्या, आणि बांधावरच्या चिंचेचं लोणचंही दिलं. चराचं मात्र काही बोलली नाही.

तिसऱ्यांदा मंजुळा गोजरेच्या उंबऱ्यातच उभी राहिली. "भिंत हाताला गार लागतीय गं," म्हणाली. "दाबली की बोट आत जातं."

गोजरा दगडूचं डोकं पुसत होती. त्या दिवशी त्याला थोडी कणकण होती. तिला चिडायचं नव्हतं, पण शब्द तोंडून गेले. "पाणी उताराला जाणारच, वैनी. मी काय त्याला चढायला शिकवू?"

मंजुळा परत गेली. गोजरेला लागलीच वाटलं, जावं, हात धरावा, म्हणावं, धुळाजीला सांगते, चर वळवून घेऊ. पण पोराला कणकण होती. उद्या जाऊ, म्हणाली. आईला आपल्या पोराच्या पायाखालचं पाणी दिसतं. दुसरीच्या पोराच्या उशाशी गेलेलं दिसत नाही.

इथे भिवाजी आजोबा नेहमी काठीचं टोक दगडाच्या सांदीत घालतात, काढतात.

श्रावण होता. दोन दिवसांची झड थांबून लख्ख ऊन पडलं होतं. मातीची भिंत पावसात पडत नाही, पाऊस उघडल्यावर पडते; गावाकडे हे सगळ्यांना ठाऊक. मंजुळा गवताचा भारा आणायला बांधापर्यंत गेली होती. हिरी झोळीत निजली होती, मागच्या भिंतीच्या कडेला. वर गोजरा कोरड्या अंगणात दगडूला दूधभात भरवत होती. खालून धप्प असा आवाज आला. "बघ, फांदी पडली," ती पोराला म्हणाली आणि पुढचा घास दिला.

त्या घासाचं तिने पुढे कोणाला सांगितलं असेल, कोण जाणे. पण गोष्टीत तो आहे.

माती उकरायला सगळा गाव धावला. हिरी मिळाली तेव्हा ऊन तसंच होतं.

गावातली जाणती माणसं बसली. धुळाजीने खालमानेने सांगितलं, घर बांधून देतो, धान्य देतो, म्हणाल ते देतो. मंजुळा पडक्या घरात उंबऱ्याशी बसली होती. पुढची भिंत आणि उंबरा तेवढे राहिले होते. गोजरा तिच्या पाया पडायला पुढे झाली, तेव्हा मंजुळेने मान वर केली.

"माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस," ती म्हणाली. त्यानंतर कित्येक वर्षं ती गोजरेशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गोजरेने पहार घेतली आणि अंगणातले दगड उपटायला लागली. धुळाजी म्हणाला, "अगं, आता उपटून काय पोर परत येणार आहे?" तिने पुढचा दगड उपटला. दगड निघाले, तसा तिने अंगणाच्या खालच्या कडेला खड्डा खणायला घेतला. दिवसा शेतात राबायची, तिन्हीसांजेला खणायची. उपटलेल्या त्याच दगडांनी खड्डा आतून रचला, मध्ये सांदी सोडल्या. चर बुजवला. कळक पुन्हा लावला.

पुढच्या वर्षी पाऊस आला, विसाव्यात पाणी उतरलं. गोजरा काठावर उभी राहिली. खाली मंजुळेने घर पुन्हा उभं केलं होतं, पण मध्ये कुंपण वाढलेलं, दार दिसत नव्हतं. खाली जाऊन बघावं तर बंदी. मग तिने हाक मारली, "वैनी! पाणी आलं का?"

खालून उत्तर नाही.

उत्तर नाही म्हणजे आलं असेल, असं धरून तिने खड्डा हातभर आणखी खणला. पुन्हा पाऊस, पुन्हा हाक, पुन्हा काही नाही. दुसऱ्या कोणाला पाठवून विचारता आलं असतं; पण उत्तर तिला मंजुळेच्याच तोंडून हवं होतं. दगडू तर रोजच खाली जायचा. त्याला कोणी अडवलं नव्हतं, आणि तोही अडला नसता. परत आला की गोजरा विचारायची, "काय म्हणाली?"

"काही नाही. भाकरी दिली."

"माझं काही?"

"नाही. लोणी दिलं वर."

लोक तिला वेडी गोजरा म्हणायला लागले. त्यात वरच्या आळीचं पाणीही तिच्या विसाव्यात येऊन पडायचं. ती पदर पसरून वर गेली, म्हणाली, तुम्हीही एकेक खड्डा घ्या. वरच्यांनी हसून विचारलं, "आमचं पाणी तुझ्या घरात पाहुणं आलंय काय? घेऊन ये की वर!" थट्टा तीच होती. गोजरा मान खाली घालून परतली आणि वरच्यांच्या वाटणीचा खड्डाही आपल्याच अंगणात खणायला लागली. अंगण संपत आलं. दगडू आता चिखलातच खेळायचा. घसरायचा, उठायचा. त्याला काही झालं नाही.

किती पावसाळे असे गेले? कोणी सात म्हणतं, कोणी बारा. भिवाजी आजोबा नऊच सांगतात, कारण त्यांच्या आजीने नऊ सांगितले होते आणि आजीशी वाद घालायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

नवव्या वर्षी म्हणे पाऊस तीन दिवस धरून राहिला. गावातली चार घरं बसली, गोठे वाहिले. विसाव्याचं पाणी वर चढत चढत काठाला वीतभर राहिलं, आणि तिथेच थांबलं. गोजरा डोक्यावर इरलं घेऊन उभी होती. नेहमीसारखी तिने हाक मारली. उत्तराची आशा तिने कधीच सोडली होती. हाक तेवढी राहिली होती.

"वैनी! पाणी आलं का?"

पावसाचा आवाज. मग खालून, कुंपणापलीकडून:

"न्हाई आलं."

एवढंच. गोजरा तिथेच चिखलात बसली. रडली म्हणतात. नुसती हात चोळत बसली, असंही म्हणतात.

"माफ केलं तर तिनं," बाळाची आई म्हणाली. तिला ते कोणाकडून तरी ऐकायचं होतं.

"माफीचं कुठं बोलली?" आजोबा म्हणाले. "पाणी नाही आलं म्हणाली. ते खरं होतं, म्हणून बोलली."

त्यानंतर दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसात वरून एक हाक आणि खालून ते दोन शब्द. दुसरं काही नाही. त्या नवव्या वर्षी ज्यांची घरं बसली त्यांनी पाहिलं, की सगळ्या उतारावर मंजुळेचं एकटं घर कोरडं आहे. तेव्हा वरच्या आळीनेही फावडी उचलली. गावाने ठरवलं, इथून पुढे पाया खणायच्या आधी विसावा खणायचा. वरच्याने चाळीस घागरी पाणी ओतायचं, खालच्या घराला हाक मारायची, आणि खालून 'न्हाई आलं' म्हटल्याशिवाय एक दगड बसवायचा नाही.

मंजुळा आधी गेली. त्या पावसात गोजरेने हाक मारली आणि उभी राहिली. दिवसभर उभी राहिली. मोठा झालेला दगडू खाली जाऊन म्हणाला, "मी सांगतो की, आई!" ती म्हणाली, "तू नको. ते घर तिचं." संध्याकाळी पाऊस उघडला, तशी ती हळूहळू खाली उतरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्यापाशी आली आणि अलीकडे थांबली. पाय ठेवू नकोस, असं मंजुळा म्हणाली होती. मग गोजरा वाकली आणि दगडावर हात ठेवला. मधल्या खोलगट जागेतही ठेवला, जिथे दगडूची पहिली पावलं पडली होती. मागच्या भिंतीपर्यंत हात पोचेना. पण उंबऱ्याला आतून ओल नव्हती. बराच वेळ तिने हात तिथे ठेवला.

पुढच्या पावसाळ्याला ती नव्हती. मंजुळेच्या घरात पुढे कोणी राहिलं नाही. ते वर्षावर्षाने मातीत गेलं, उंबरा राहिला.

नवऱ्याने नकाशा पुन्हा गुंडाळला होता. "पण आजोबा, आमच्या खाली तर कोणीच राहत नाही," तो म्हणाला. "मग उत्तर कोण देणार?"

आजोबांनी खिशातून ग्रामपंचायतीचा बांधकामाचा अर्ज काढला. नवव्या रकान्यात छापलं होतं: 'खालच्या घराचे उत्तर'. त्याच्याखाली, फक्त या एका जागेसाठी, कोणीतरी फार पूर्वी हाताने लिहिलेली ओळ दर अर्जावर उतरत आली होती: 'हात लावून पाहावे.'

गाडीची जागा नकाशात वरच्या कोपऱ्यात सरकली. फरशी राहिली, ती फक्त पडवीपुरती. आठवड्याने टँकर आला, चाळीस घागरींच्या हिशेबाने पाणी सोडलं, ते विसाव्यात उतरलं. बाळाला नवऱ्याकडे देऊन बाई काठावर उभी राहिली. आजोबांनी सांगितलेली हाक तिने मारली. मग खाली जाऊन, अलीकडेच थांबून, वाकून दगडाला हात लावला. कोरडा होता. ऊन खाऊन थोडा गरमही.

आजही मेटवलीत घर बांधणाऱ्याला आधी खालच्या घराचं उत्तर आणावं लागतं. आणि आजही त्या उंबऱ्याच्या वर जो राहील त्याला, उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही, हात लावायच्या आधी हाक मारावी लागते, आणि थोडं थांबावं लागतं. किती थांबायचं, ते अर्जात लिहिलेलं नाही.