शिंकेनंतरचं शून्य

सकाळचे दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

“सर, मी शिंकले. तरी यावर शून्यच कसं?”

हर्षद सरांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत गेल्यावर टोपी, मास्क आणि पांढऱ्या पोशाखातून आमचे फक्त डोळे दिसतात. त्यांचे डोळे हसत होते.

“म्हणजे खोली स्वच्छ आहे, कोमलताई. तुमची शिंकसुद्धा धुतलेली निघाली.”

ही आमच्या कारखान्यातली इंजेक्शनच्या बाटल्या भरायची खोली. मी तिथे पुसायचं आणि ट्रे उचलायचं काम करते. बाटल्या बोटाच्या पेराएवढ्या. त्यातलं औषध नुकत्याच जन्मलेल्या बाळांना टोचतात. माझी स्वरा आठ महिन्यांची आहे. जन्मली त्या दिवशी तिलाही मांडीत असंच टोचलं होतं. ती किती रडली होती ते मला अजून ऐकू येतं. म्हणून बाटल्यांकडे माझं लक्ष जरा जास्तच असतं.

यंत्र नवं होतं, हातात उचलून नेता येईल एवढं. ते खोलीतली हवा ओढतं आणि डोळ्यांना न दिसणारे कण तिच्यात किती आहेत, ते पडद्यावर आकड्यात दाखवतं. हर्षद सर ते चालवायचे. एम.एस्सी. झालेले. कामाला लागून सहा महिने होत आले होते.

खरं तर शिंक आली की लगेच बाहेर जाऊन मास्क बदलायचा असतो. मी शून्य बघून तशीच उभी राहिले होते. आता मात्र चैन पडेना. बाहेर आले.

कपडे बदलायच्या खोलीत मुनीरचाचा हातमोजे चढवत होते. छतातले फिल्टर ते बघतात, अठ्ठावीस वर्षं. दोन महिन्यांनी त्यांची नोकरी संपणार. त्यांना कुणी गुरुजी म्हणत नाही, पण आत कसं चालायचं, हात कुठे ठेवायचे, हे नव्या माणसाला तेच शिकवतात. सरांनाही त्यांनीच शिकवलं होतं.

“चाचा, माणूस शिंकला तरी शून्य येतं का कधी?”

मोजा अर्धाच चढला होता. तसाच राहिला.

“कधीपासून येतंय शून्य?”

“सकाळपासून.”

“बाटल्या भरणं चालू आहे?”

“हो.”

चाचांनी मोजा चढवला आणि ते आत गेले. मी मास्क बदलून मागोमाग.

“भरणं थांबवा, साहेब.”

“का, चाचा? आकडे बघा तरी. सात चाळीसपासून सलग शून्य. तुमच्या अठ्ठावीस वर्षांत असं बघितलंय का?”

“नाही बघितलं.”

“मग?”

“म्हणूनच म्हणतो, थांबवा.”

सरांना ते आवडलं नाही. पण बटण दाबलं. बाटल्यांची रांग जागच्या जागी उभी राहिली.

आत कमी बोलायचं असतं. बोललं की तोंडातून कण सुटतात. चाचा हळू आवाजात म्हणाले, “सकाळी काय काय केलंत, सांगा.”

“चार्जिंग बाहेरच केलं. आत आणताना यंत्र स्पिरिटने सगळीकडून पुसलं. स्पिरिटची वाफ मोजली जाऊ नये म्हणून दहा मिनिटं थांबलो. टेबलाच्या उंचीला ठेवलं. बाजूला उभा राहिलो, वर वाकलो नाही.” सर थांबले. “तुम्ही शिकवलंत तसंच सगळं. अजून काय पाहिजे?”

“चांगलं केलंत.”

मग चाचांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनीच त्याला खोलीबाहेर काढलं असतं. यंत्राच्या तोंडासमोर दोन्ही हात धरले आणि बाह्या एकमेकींवर खसाखसा घासल्या. असं घासलं की कापडातून कण उडतात.

मी पडद्याकडे बघितलं.

शून्य.

चाचांनी पुन्हा घासल्या.

शून्य.

“आता सांगा साहेब, मी किती स्वच्छ?”

सरांची नजर हळूहळू यंत्राच्या तोंडावर गेली.

तिथे एक पांढरा फिल्टर होता, अंगठ्याएवढा. सकाळी यंत्र तपासताना तो लावतात. तो हवेतला कण न् कण अडवतो. त्या वेळी शून्य आलं की यंत्र ठीक आहे असं समजायचं. मग तो काढून तिथे छोटं नरसाळं बसवायचं, तेव्हा कुठे खोलीची हवा यंत्रात जाते. मला वाटलं होतं, नव्या यंत्राचं तोंडच तसं असेल. नरसाळं पेटीतच होतं.

सकाळपासून यंत्राने या खोलीची हवा मोजलीच नव्हती.

सरांचा हात फिल्टरकडे गेला.

“काढा,” चाचा म्हणाले. “पण आधी वेळ लिहा.”

हात थांबला.

“चाचा... शुक्रवारी माझे सहा महिने भरतात. पक्कं करायचं की नाही ते ठरणार आहे.”

“माहीत आहे.”

“आता काढतो, नरसाळं लावतो. आकडा चांगला आला, तर खोली चांगलीच होती ना?”

“आत्ता चांगली आहे एवढं कळेल. आठ वाजता कशी होती?”

सरांनी हात खाली घेतला.

“नऊ वाजता?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. तिघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. मी खाली बघितलं. नोकरी मलाही हवी आहे, घरी दूध लागतं. पण खाली बघितलं तर ट्रेमधल्या बाटल्या समोर. एकेक बाटली एकेका बाळाची.

“सर,” मी म्हटलं, “माझी शिंक पण लिहा. दहा सतरा. आणि मी लगेच बाहेर गेले नाही, तेही लिहा.”

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग चाचांकडे वळले. आवाजातला तोरा गेला होता.

“तुमच्याकडून कधी राहिलाय का हो फिल्टर?”

“राहिलाय ना. सतरा वर्षांपूर्वी, जुन्या यंत्रावर.”

“मग काय केलंत?”

“काढला. गप्प बसलो.”

“आणि त्या बाटल्या?”

“बाहेर गेल्या.”

“पुढे काय झालं त्यांचं?”

“माहीत नाही.”

छतातून हवा खाली येत होती, तेवढाच आवाज.

“अजून माहीत नाही,” चाचा म्हणाले.

सरांनी आतला कागद घेतला, धागे न सुटणारा. दहा एकेचाळीस, असं लिहिलं. त्याखाली काय झालं ते. त्याखाली माझी शिंक. अक्षर वाकडंतिकडं आलं. सही मात्र नीट केली.

सकाळपासूनच्या सगळ्या बाटल्या मी ट्रेंमध्ये उचलल्या. सरांनी प्रत्येक ट्रेला लाल चिठ्ठी लावली. ट्रे कुलपाच्या खोलीत गेले. त्या बाटल्यांचं काय करायचं ते आता वरचे ठरवतील. वरच्यांना फोन सरांनीच केला. पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोलत होतं. सर नुसते “हो सर” म्हणत होते.

मग फिल्टर काढला. नरसाळं बसवलं. यंत्र सुरू केलं.

आकडा चढला. शेकड्यात गेला. सरांनी मान खाली घातली.

“असू द्या,” चाचा म्हणाले. “माणसं उभी आहेत इथे.”

पाळी सुटली तेव्हा आम्ही तिघं कपडे बदलायच्या खोलीत होतो. सरांनी मास्क काढला. नाकावर त्याचा लाल वळ उठला होता. एवढं तरुण तोंड मी पहिल्यांदाच नीट बघितलं.

“चाचा, दुपारची पाळी येईल आता. त्यांना काय सांगू? यंत्र बिघडलं होतं म्हणू?”

“यंत्र चांगलं आहे.”

“मग माझं नाव सांगू?”

चाचांनी टोपी काढून डब्यात टाकली. मग बाकावर बसले.

“माझं सांगा. म्हणावं, सतरा वर्षांपूर्वी मुनीर शेखकडून फिल्टर राहिला, त्यानं तो काढला आणि लिहिलं नाही. आणि त्यांना म्हणावं, तुमच्या पुढच्या पाळीलाही सांगा.”