सोनकी आणि ओली डहाळी

करवंदांच्या जाळीत पऱ्या अजून राहत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरउतारावरच्या झोपडीत सोनकी आणि तिची आई, दोघीच असायच्या. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यात आईच्या पावलात काटा मोडला. काटा निघाला, पण पाऊल सुजून लालबुंद झालं. अंगात ताप भरला.

"करवंदं आणते हं, आई. तोंडाला चव येईल."

"लवकर ये गं, चिमणे."

जाळीत कोळ्याच्या चंदेरी धाग्यांत काहीतरी लुकलुकत होतं. सोनकीने हात घातला. मनगट ओरबाडलं, तरी तिने धागे अलगद सोडवले. तळहातावर येऊन बसली इवलीशी परी, मोरपंखी पंखांची, दवबिंदूएवढ्या मुकुटाची!

"माझ्यासाठी किती ओरबाडलं गं तुला! माग, तीन इच्छा. पण दुसऱ्यासाठीच. आणि नवी मागितलीस की जुनी पुसली जाईल."

"आईच्या पायातली आग विझू दे!"

परीला वेणीत बसवून सोनकी घरी धावली. सूज उतरली होती, पाऊल गार होतं. पण जखम काळी पडत होती, आणि आई डोळेच उघडेना.

"काट्याबरोबर जंतू आत शिरलेत," परी हळूच म्हणाली. "आईच्या रक्तातले चिमुकले शिपाई त्यांना जाळत होते. तू ती आगच विझवलीस."

"मग पेटव! खूप मोठी पेटव!"

पाऊल भोपळ्यासारखं फुगलं. लाली गुडघ्यापर्यंत चढली. आई कण्हू लागली.

"शिपाई आता आईलाच जाळतायत. एकच इच्छा उरली, सोनके."

सोनकीने डोळे पुसले. दारातून राबाचा तुकडा दिसत होता. भात पेरण्याआधी बाबा तिथे पालापाचोळा पेटवून जमीन भाजायचे, आणि तिला ओली डहाळी देऊन बांधावर उभं करायचे. "आग रानाकडे वळली की झोडप. पण आधीच विझवू नको हां, राणी! तण माजेल."

"परीताई, आग राहू दे. पण तिच्याशेजारी ओली डहाळी घेऊन कुणीतरी उभं राहू दे."

परी खुदकन हसली. "मोठमोठे राजे आले. कुणी म्हणे विझव, कुणी म्हणे पेटव. राखणदार कुणीच मागितला नाही! अगं, आईच्या रक्तात असे राखणदार आहेतच, दमून बसलेत. उठवते त्यांना."

सोनेरी प्रकाशाचं कारंजं उडालं आणि परी त्यातच विरून गेली. लाली हळूहळू घोट्यापर्यंत उतरली, मग बोराएवढीच उरली. आईने डोळे उघडले.

"करवंदं कुठायत गं?"

आठवड्याने त्यांनी राब भाजला. सोनकी डहाळी घेऊन बांधावर उभी राहिली, नेहमीच्याच जागी. धुराला तोच जुना वास होता. पूर्वी धुरापलीकडचे बाबा दिसावेत म्हणून ती टाचा उंचावायची. आजही तिने उंचावल्या. पलीकडे आई उभी होती, दोन्ही पायांवर.